हरिचंद्रांचा खड्डा

रविवार, ६ एप्रिल

आज बुवापाड्यातल्या नव्या खोलीत सामान लावलं. सामान म्हणजे काय, एक गादी, शेगडी, दोन पिशव्या भांडी, एक जुना फ्रिज आणि बाबासाहेबांची तसबीर. आधी तसबीर लावली, मग चहा ठेवला. पाच खोल्यांची बैठी ओळ आहे, माझी तिसरी. पुढे अंगण, अंगणात एक सामायिक नळ, शिवाय प्रत्येकाच्या मोरीत आपापला नळ. गेली दोन वर्षं सात जणांत एक नळ वापरलेल्या माणसाला याचं अप्रूप कळेल!

पहिल्या खोलीत बनूबाई राहतात, मालक चिंतामणींच्या काकू. त्यांचे यजमान हरिचंद्र वायरमन होते, अकरा वर्षांपूर्वी वारले. ओळीतलं सगळं वायरिंग त्यांच्या हातचं. पाण्याच्या मोटारीला त्यांनी घड्याळ लावून ठेवलंय. सकाळी सातला आपोआप सुरू, साडेसातला बंद, वरची टाकी भरलेली. मीटर, मेन स्विच, ते घड्याळ, सगळं बनूबाईंच्या खोलीत आहे.

एकोणीस तारखेला महाडहून प्रीती आणि मित्रा येणार. मित्रा पाच वर्षांची झाली आणि मी तिला फोनवरच मोठी होताना पाहिलं. परवा विचारत होती की पप्पा, तुम्ही खरे कधी भेटणार. आता तिघं एका छपराखाली. मला दुसरं काही नको आहे.

बुधवार, ९ एप्रिल

बनूबाईंची गंमत. अंगणाच्या कोपऱ्यात हातभर रुंद खड्डा आहे, त्यात एक गंजका पाइप उभा आणि पाइपाला हिरवट पडलेली तांब्याची पट्टी. रोज सकाळी अंघोळ झाली की त्या खड्ड्यात दोन तांबे पाणी ओततात, शनिवारी मूठभर मीठही. वर एक फूल ठेवून हात जोडतात. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "त्यांनी सांगितलंय जाताना. पाणी चुकवू नको म्हणून."

मेलेला नवरा खड्ड्यात पाणी पितो, असं या बाईंनी धरून ठेवलंय. आमच्या वडिलांनी आम्हाला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली, प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायचं. मी मनात हसलो. तोंडावर हसलो नाही, वयाचा मान ठेवला.

रविवार, १३ एप्रिल

खड्ड्याचा बंदोबस्त केला. मित्रा दिवसभर अंगणात खेळणार, पाय गेला तर? त्यात मच्छर. चिंतामणींना फोन केला, ते उल्हासनगरला दुकानात होते, घाईत 'करा करा' म्हणाले. बनूबाई लग्नाला गेल्या होत्या तेवढ्यात गवंडी आणला. पाइप आणि ती पट्टी वर आलेली होती, पोरीला लागेल म्हणून जमिनीलगत कापायला लावली. वर सिमेंट, सिमेंटवर फरशी. झकास दिसतंय.

संध्याकाळी बनूबाई आल्या आणि फरशीवर बसूनच राहिल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शनिवार, १९ एप्रिल

आल्या! मित्राने रिक्षातून उतरून पहिली उडी त्या फरशीवर मारली. प्रीतीने खोली झाडून पुन्हा लावली, माझं काहीच तिला पटलेलं नाही. रात्री तिघं एका गादीवर. मित्राचे पाय माझ्या पोटावर होते आणि मी हललो नाही.

गुरुवार, २४ एप्रिल

सकाळी मित्रा मोरीतून रडत आली की नळ चावतो. प्रीती म्हणाली, तिलाही कालपासून झिणझिण्या येतात. मी आवरून, आठ वाजता जाऊन नळ धरला, काही नाही.

हे ऐकून बनूबाई दारात आल्या आणि सांगायला लागल्या की आमचे हे तहानलेत, पाणी मागतायत. मित्राच्या देखत! मला संताप आला. पोरीच्या डोक्यात भूत भरायचं का? मी तिला मोरीत नेलं, पुन्हा नळ धरून दाखवला. समजावलं की भूतबित नसतं, घाबरायचं नसतं, हात लावून बघायचं. तिने डोळे मिटून बोट लावलं, मग पूर्ण हात. मी टाळ्या वाजवल्या. तिला फार अभिमान वाटला, दिवसभर सगळ्यांना सांगत होती.

रविवार, २७ एप्रिल

वाईट झालं. पाचव्या खोलीतल्या रखमाबाई सकाळी सव्वासातला अंगणातल्या नळावर कळशी भरत होत्या. हात नळाला चिकटला. ओरडताही येईना. त्यांच्या मुलाने, जितेशने, लाकडी पाट मारून सोडवलं. तळहात काळा पडलाय, दवाखान्यात आहेत.

दुपारी नाक्यावरचा वायरमन आणला. त्याने प्रत्येक नळाला टेस्टर लावला, कुठेच पेटला नाही. म्हणाला, करंट नाहीच इथे. तो गेल्यावर बनूबाईंनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. हरिचंद्र मोटार बघायला रोज सातला अंगणात यायचे म्हणे. मग खोलीला कुलूप घालून त्या बदलापूरला भावाकडे निघून गेल्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली बघत होतो.

मंगळवार, २९ एप्रिल

सात वाजून दहा मिनिटं. फ्रिजने झटका दिला. फ्रिज बंद होता. स्विच मी स्वतः बंद केला होता, प्रीतीनेही पाहिलं होतं. बंद वस्तू झटका कशी देईल? पुन्हा बोट लावलं. पुन्हा.

साडेसातनंतर काही नाही. त्यांची वेळ संपली की — हे मी काय लिहितो आहे.

बुधवार, ३० एप्रिल

पहाटे उठून फरशीवर दोन तांबे पाणी ओतलं. मिठाचं. पाणी फरशीवरून वाहून गेलं, खाली थेंब मुरला नाही.

मी ओतलं. कोणाला सांगणार नाही. वडिलांची माफी मागावीशी वाटते — आणि त्यांचीही. हरिचंद्रांची.

सातला झटका होताच. कालच्यापेक्षा जोरात.

शुक्रवार, २ मे

भूत नाही. भूत असतं तर बरं झालं असतं.

आमच्या कंपनीतले इलेक्ट्रिशियन जयदेव जेवायला शेजारी बसले होते, त्यांना लाजत लाजत सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. विचारलं, पट्टी कापलीत? मग सांगितलं. तो खड्डा म्हणजे ओळीची अर्थिंग. पाचही खोल्यांची अर्थिंगची वायर आणि पाण्याचे लोखंडी पाइप त्या एका पट्टीला जोडलेले. मोटार जुनी, आतून करंट गळत असणार, तो इतकी वर्षं तिथून जमिनीत जिरायचा. माती ओली राहिली तरच जिरतो, म्हणून पाणी, म्हणून मीठ. आता जमिनीची वाट तोडली, तर तो प्रत्येक नळात आणि प्लगच्या जाड, अर्थिंगच्या पायातून फ्रिजमध्ये येऊन उभा राहतो. स्विच बंद केल्याने तो पाय सुटत नाही. मोटार चालू असेल तेवढाच वेळ. म्हणून दुपारी टेस्टर पेटला नाही. आणि गळती रोज वाढणार.

मी बनूबाईंना 'का' विचारलं. हरिचंद्रांनी का सांगितलं असेल, हे नाही विचारलं. शहाणा मी!

चारला घरी येऊन फरशी फोडली. पट्टी सिमेंटखाली कुठे गेली, सापडत नाही. मोटार बंद करायची तर बनूबाईंची खोली, तिला लोखंडी जाळीचं दार, चिंतामणींकडे दुसरी किल्ली नाही, हातोडीने कुलूप तुटलं नाही. त्यांच्या भावाला फोन लागला, सकाळी आठपर्यंत येतो म्हणाले. जयदेवही आठला येणार, कटर घेऊन. वीजमंडळाकडे तक्रार नोंदवली, त्यांचा माणूसही सकाळी येईल. सगळं आठला. मोटार सातला.

प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, सात ते साडेसात कशालाही हात लावू नका. मित्रावर ओरडलो, नळाकडे फिरकलीस तर मार खाशील. ती रडली. पप्पा, तुम्ही पण घाबरता? असं विचारलं तिने.

शनिवार, ३ मे

६.४० — अंगणातल्या नळापाशी खुर्ची टाकून बसलोय. कोणालाही जवळ येऊ देणार नाही. नुसतं बसवत नाही, म्हणून वही.

६.५२ — पाचव्या खोलीचं दार उघडलेलं नाही. जितेश दवाखान्यातून केव्हा आला कोण जाणे, त्याला सांगायचं राहिलंय. प्रीती तिकडे गेली. मित्रा गादीवर. उतरायचं नाही म्हणून शपथ घातली आहे.

६.५८ — प्रीती अजून दार वाजवतेय. जितेश उठत नाही —

७.०० — मोटार. घरघर ऐकू येतेय. नळ तसाच दिसतो, रोजच्यासारखा. अर्धा तास. फक्त अर्धा —

७.०३ — जितेश उठला, प्रीतीने हात केला. सुटलो. सगळे बाहेर आहेत, सगळे मला दिसतायत —

मित्रा नाही —

आमच्या मोरीतून बादलीचा आवाज — ती आतून हाक मारतेय — पप्पा, बघा, मी नाही घाबर