न्यायाधीशाच्या झग्यासह माझी मालमत्ता

मी, खाली सही करणारा, लाकडी सामान बनवण्याचा धंदा करणारा, पन्नाशीला टेकलेला, आज सकाळी आंघोळ, प्रार्थना आणि न्याहारी उरकून, कामाच्या टेबलावरचा भुसा झटकून हे लिहायला बसलो आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबाबत पत्नीचे मत वेगळे असू शकते, ते विचारात घेऊ नये. मला कोणी धाक दाखवलेला नाही की गळ घातलेली नाही. तब्येत बरी आहे. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितले, हृदय उत्तम आहे, फक्त पाठीवर झोपू नका, घोरता. त्या घोरण्याचा या कागदाशी संबंध आहे. तो पुढे येईल.

माझे शिक्षण गावच्या शाळेत झाले. भाषेत काही चुकले असेल तर वकीलसाहेबांनी दुरुस्त करावे, पण गुळगुळीत करू नये. जास्त रंधा मारलेल्या फळीवर लाकडाची रेघ दिसत नाही.

कलम एक. घर. राहते घर, पुढची कामाची खोली वगळून, माझ्या पश्चात संपूर्णपणे माझ्या पत्नीचे. त्यात कोणी वाटा मागू नये. स्वयंपाकघराची खिडकी पावसाळ्यात फुगते आणि अडकते. जगाची दारे-खिडक्या करणाऱ्याच्या घरात हे असे, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. हे कलम वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "घर नंतर द्या, आधी खिडकी तासा." तरी ती खिडकी मी मरणापूर्वी, शक्यतो याच आठवड्यात, तासून देईन असे इथे लिहून देत आहे.

कलम दोन. बचत. बँकेत जे असेल ते पत्नी आणि मुलगी यांनी सारखे घ्यावे. फार नाही, पण कोणाचे देणेही नाही. देवाने आजवर पोटापुरते आणि थोडे वर दिले. त्या वरच्यातूनच ही बचत झाली आहे, म्हणून तिच्यावरून कोणी तोंड वाकडे करू नये.

कलम तीन. हत्यारे. सगळे रंधे, पटाश्या, करवती आणि वडिलांची लाकडी मोगरी माझ्या मुलीला. ती एका कार्यालयात संगणकावर कपाटांचे आराखडे काढते. तिच्या आराखड्यातली कपाटे दिसायला सुरेख असतात, पण त्यांचे खण कुठल्या बाजूने बाहेर यायचे हे मला पुष्कळदा कळलेले नाही. तिला म्हटले, हत्यारे तुला ठेवतो. ती म्हणाली, "बाबा, मी भिंतीवर छान मांडून ठेवीन." मांडून ठेवू नयेत. वापरावीत. बोट कापले तर चिंधी बांधून पुन्हा वापरावीत.

कलम चार. मरण.

याला मालमत्ता म्हणावे की नाही यावर वकीलसाहेबांचा आणि माझा वाद झाला. आमच्या हौशी नाटकमंडळात ते प्रॉम्प्टर आहेत, त्यामुळे शेवटचा शब्द आपलाच असावा अशी त्यांना सवय आहे. मंडळ दरवर्षी एकच जुने नाटक करते. त्यात एक न्यायाधीश स्वतःच्या मुलाला तुरुंगात धाडतो. तिसऱ्या अंकात मुलगा सुटून घरी येतो, तर बाप नुकताच गेलेला. मग मुलाला जे काही बोलायचे ते तो प्रेताशी बोलतो. चौथ्या अंकात म्हातारा कारकून येऊन सांगतो की तुझा बाप रोज संध्याकाळी तुरुंगाच्या भिंतीबाहेर येऊन उभा राहत होता. मुलगा कोसळतो, पडदा पडतो, लोक डोळे पुसत घरी जातात.

न्यायाधीश मी करतो. म्हणजे दोन अंक बोलतो आणि दीड अंक मेलेला असतो. बोलण्याचे काम कोणालाही जमेल. मेल्यावर पोट हलू न देता पाठीकडून श्वास घेणे आणि कोणी रडू लागले की त्या आवाजाच्या आडून तो सोडणे, हे माझे मी शिकलो. तसे पडल्या पडल्या मी पुष्कळ विचार केला आहे. पहिल्या अंकात न्यायाधीश पाण्याचा पेला न पिताच बाजूला सारतो. कोणाचे लक्ष जात नाही. तो मेल्यावर मुलगा तोच पेला उचलतो आणि सभागृहात हुंदके येतात. पेला तोच, पाणीही तेच, पण मरणाने मागे जाऊन त्याला अर्थ आणलेला असतो. सिनेमात मरणाऱ्याचा चेहरा पडदाभर दिसतो, आपण त्याच्या अगदी जवळ जातो. नाटकात मेलेला लांबच राहतो, म्हणून जिवंत माणसांकडे बघावे लागते. जुन्या सिनेमांतला दुष्ट माणूसही मरताना क्षणभर लहान मुलासारखा दिसतो. मला नेहमी वाटते, तो क्षण अर्धा तास आधी आला असता तर कोणीच मेले नसते. पण मग सिनेमाही झाला नसता. जुन्या गोष्टींचा बांधाच असा असतो. आधी मरण, मग उमज.

तर ही न्यायाधीशाची भूमिका, श्वासाच्या युक्तीसह, आणि त्याचा काळा झगा मी माझ्या धाकट्या भावाला देतो. नाटकातला मुलगा तोच करतो. झगाही त्यानेच शिवलेला आहे.

कलम पाच. धाकटा.

पुढची खोली वडिलांची. तिच्या अर्ध्या भागात माझे सुतारकाम चालते, अर्ध्यात त्याचे शिवणकाम. मध्ये प्लायवूडची भिंत आहे. ती आई गेली त्या वर्षी त्याने घालायला सांगितली आणि मी घातली. गिऱ्हाईक म्हणून सांगितली, माझ्या पत्नीच्या तोंडून निरोप पाठवून. मीही कारागीर म्हणून नीट, ओळंब्यात घातली. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. त्याच्या शिलाई मशीनचा आवाज मला ऐकू येतो, माझ्या करवतीचा त्याला.

आई गेली तेव्हा तो मंडळाबरोबर परगावी प्रयोगाला गेला होता. मी आईपाशी थांबलो होतो, न्यायाधीश दुसऱ्याने केला. तो परत आला तेव्हा ती नव्हती. तो मला एवढेच म्हणाला, "कळवलं का नाहीस?" मी उत्तर दिले नाही.

त्यानंतरच्या प्रयोगात तिसऱ्या अंकात, लिहिलेली वाक्ये संपल्यावर, माझ्या प्रेतापाशी बसून तो म्हणाला, "मला बोलवायचं होतंस. तिचा हात तरी धरला असता." प्रॉम्प्टर पाने उलटून उलटून बघू लागले. लोकांना वाटले, न्यायाधीशाच्या बायकोबद्दल असेल. मेलेल्याला उत्तर देता येत नाही हे माझ्या भावाला पक्के ठाऊक होते. मग दरवर्षी तो एक वाक्य घालू लागला. एका वर्षी, "तू तिच्याजवळ होतास, मी कुठे होतो?" एका वर्षी नुसतेच, "दादा." न्यायाधीशाला मुलगा दादा का म्हणतो असे कोणी विचारले नाही. उलट धाकट्याचे काम दरवर्षी खुलते आहे असा बोलबाला झाला.

यंदा मात्र घोटाळा झाला. झग्याला त्याने नवे अस्तर लावले होते. त्या उबेत मला मेल्या मेल्या झोप लागली. जाग आली ती धाकट्याच्या गळा काढण्याने. तो माझ्या छातीवर पडून असा काही ओरडत होता की दिवे हलावेत. सभागृह रडत होते. विंगेत आल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "घोरत होतास."

"ऐकू गेलं?"

"पहिल्या रांगेला जाणार होतं. म्हणून बोंब ठोकली." मग टोपी काढत म्हणाला, "अस्तर जास्त झालं बहुतेक."

रंगमंच सोडून इतक्या वर्षांत आम्ही बोललेली ही पहिली वाक्ये. त्यानंतर मी हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

तरी पुढच्या खोलीतील माझा अर्धा भाग धाकट्याला. आणि त्याच्यासाठी एक गोष्ट, जी माझ्या पश्चात वकीलसाहेबांनी त्याला वाचून दाखवावी. कळवू नकोस असे मला आईनेच सांगितले होते. ती म्हणाली, "तो प्रयोग टाकून धावत येईल आणि मंडळी तोंडघशी पडतील. गाडीतून उतरला की सांग." ती तोवर थांबेल असे तिला वाटले होते, मलाही वाटले होते. हे मी त्याला सांगितले असते तर राग आईवर गेला असता आणि ती तर उत्तर द्यायला नव्हती. माझ्यावर राहिला तर मला पेलतो. फळ्या वाहून खांदे तयार आहेत.

कलम सहा. हे कलम नंतर जोडले आहे.

वरचा मजकूर वाचून वकीलसाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "थोरले, हा आपला चौथा अंक झाला."

"म्हणजे?"

"म्हणजे कारकून मी. तुम्ही गेल्यावर मी येऊन सांगायचं की तो रोज भिंतीबाहेर उभा होता. लोक रडतील, मान्य. पण तुमचा भाऊ मग बोलणार कोणाशी? तेव्हा तुम्ही नुसते झोपलेले नसाल."

मी रात्रभर नाही, पण जेवणभर विचार केला. पत्नी म्हणाली, "अहो, भिंत तुम्हीच घातलीत ना? मग तिच्यावर टकटक करायला काय होतं?" मी हात जोडून दोन मिनिटे डोळे मिटले आणि प्लायवूडवर टकटक केली. पलीकडे मशीन थांबले. धाकटा गळ्यात टेप तसाच ठेवून आला. मी कलम पाच त्याच्या हातात दिले. त्याने उभ्यानेच वाचले. पुन्हा वाचले. मग अर्धवट पॉलिश केलेल्या स्टुलावर बसला. मी त्याला उठवले नाही.

"त्या दिवशी मला टाळ्या पडल्या होत्या," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तिला कळलं?"

"नाही. पण घड्याळ बघून विचारत होती, आता कुठला अंक चालला असेल. मी म्हटलं, तिसरा. धाकटा आला असेल रंगमंचावर."

"मग?"

"मग मी तिला औषधाबद्दल काहीतरी सांगत होतो, तर म्हणाली, आता तू गप्प बस. त्याला बोलू दे."

त्यानंतर ती काही बोलली नाही. आणि मीही, या बाबतीत, आजपर्यंत.

धाकट्याने टेपच्या टोकाने डोळे पुसले. मग म्हणाला, "दादा, ही भिंत काढ. उजेड येत नाही." जेवायला थांबलेल्या वकीलसाहेबांनी घसा खाकरून सांगितले की आता साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. धाकटा म्हणाला, "मग माझं खोडा. मी सही करणार."

"अहो, अर्धी खोली जाईल."

"जाऊ दे. मला मिळायचं ते मिळालं."

"झगाही जाईल."

"झगा मीच शिवलाय. तो मला कोण देणार?"

तरी कलम चार आणि पाचमधील धाकट्याला दिलेले सर्व काही रद्द समजावे. खोलीतील माझा अर्धा भाग मुलीकडे जाईल, आणि काका तिथे शिवत राहील तोवर त्याला कोणी हलवू नये. भूमिका मात्र कायद्यात बसत नसल्यामुळे मी ती हयातीतच देऊन टाकली आहे. पुढच्या वर्षी न्यायाधीश धाकटा. मुलगा म्हणून मी शोभणार नाही, म्हणून मी कारकून करीन आणि चौथ्या अंकाऐवजी तिसऱ्यातच येईन. धाकटा म्हणाला, "का रे?" मी म्हटले, "तू जरा आडवा हो. मला पुष्कळ बोलायचं आहे."

मी खरोखर जाईन तेव्हा जास्त काही करू नये. प्रार्थना म्हणावी. कोणाला रडायचे असल्यास स्वतःच्या शब्दांत रडावे, नाटकातली वाक्ये घेऊ नयेत. मला ती पाठ आहेत.

ठिकाण: पुढची खोली, भिंत काढल्यानंतर.
दिनांक: यंदाच्या प्रयोगानंतरचा दुसरा रविवार.

सही: थोरला, सुतारकाम.

साक्षीदार पहिला: मंडळाचे रंगभूषाकार, व्यवसाय केशकर्तन. सदर इसमाला मी अनेकदा प्रेताचा रंग लावला आहे. आज लावलेला नाही.

साक्षीदार दुसरा: धाकटा, शिवणकाम. वरील इसमाने माझ्यादेखत सही केली. त्या वेळी तो जागा होता.