गोणीच्या तळाशी

जालना,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. पुंजाकाकांना आकांक्षाचा नमस्कार.

काकूंचे गुडघे कसे आहेत? तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून बबलूच्या हाती हे पत्र देतेय. तो टेम्पो घेऊन तीर्थपुरीला येतोच आहे.

मी तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा तुम्ही पारावर सगळ्यांसमोर म्हणालात, "हे शिकून काय करती, कीर्तन? त्याच्यानं नोकरी लागत न्हाई." मला फार लागलं होतं. पण काका, त्याच्यामुळेच लागली! वंदना मॅडम रेशीमकोषांच्या व्यापारी. मुलाखतीत त्यांनी आम्हा सहाजणांना मूठभर कोष दाखवले आणि विचारलं, गोणी कशी आहे? पाचजण म्हणाले, एक नंबर. मी म्हटलं, मूठ चांगली आहे, गोणी बघितल्याशिवाय कसं सांगू? कॉलेजात तीन वर्षं दुसरं केलं काय आम्ही! जो जे म्हणेल त्याला "कशावरून?" विचारायचं. आता मी तळातलेही कोष काढून प्रत ठरवते.

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. आता खरं लिहिते.

मागच्या सोमवारी बबलूच्या टेम्पोतून तुमची गोणी माझ्याकडे आली. वर पांढरेशुभ्र कोष, तळाशी डागी. पावतीवर "वर चांगला माल, खाली लपवलेला डागी" हा शेरा मी लिहिला. नाव वाचून लिहिला. तुमच्या त्या बोलण्याची परतफेड झाली असं वाटलं, आणि बरं वाटलं. बबलू सांगत होता, "अक्का, काकानं एक एक कोष निवडलाय, मी पाह्यलं न्हाई का?" मी ऐकलं नाही.

तासाभराने डोक्यात आलं, लपवायचेच तर डागी कोष तळभर असते. एकाच कोपऱ्यात का? टेम्पोत जाऊन पाहिलं, गोणी ठेवली होती तो कोपरा ओला होता. बबलूचा पाण्याचा जार गळत होता. माल खराब झाला तो वाटेत. मी शेरा खोडला, पण तोवर तो बाजारभर झाला होता.

काल बबलू म्हणाला, "काका तुती उपटून टाकतो म्हणून राह्यले. म्हणते, खोटा ठरलो, आता कोण्या तोंडानं बाजारात जाऊ?"

काका, ज्या विद्येवर माझी भाकरी चालते, ती तुमच्या बाबतीत मी गुंडाळून ठेवली. वंदना मॅडमना सगळं सांगितलंय. नोकरीचं जे व्हायचं ते होवो. येत्या सोमवारी लिलावाआधी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, पुंजाराम खरे आहेत, चूक माझी. ऐकायला तुम्ही या.

आणि तोवर रागवायचं तर माझ्यावर रागवा, तुतीवर नको.

तुम्हाला न विचारता खोटं ठरवणारी,
तुमचीच पुतणी
आकांक्षा