मावशीचं भाषण

मावशी,

तू गेलीस, आता पत्र टाकायला पत्ता नाही, तरी लिहितेय.

आमच्या कॉलेजात माइक धरून तू म्हणालीस, "मला एचआयव्ही आहे. लाजेपायी तपासणी टाळली. तुम्ही टाळू नका, निरोध मागायलाही लाजू नका." पोरं खिदळली. तुझ्या सख्ख्या बहिणीनं, माझ्या आईनं, तुझ्याशी अबोला धरला. मी मात्र गुपचूप तपासणी केली. मलाही निघाला.

गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. लग्नाआधीच ह्यांना सांगितलं. म्हणाले, "गोळी चुकवू नकोस, बाकीचं मिळून बघू."

आज लेकीचा शेवटचा रिपोर्ट आला. तिला लागण नाही. ती भोकाड पसरून रडत होती. आई डोळे पुसत म्हणाली, "मावशीआजीवर गेलीय. गप्प बसायची नाही ही."

तुझ्यामुळे आई झालेली,
तुझी भाची