उकळलेला ड्रॉपर

११ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, आईचे गुडघे सोडले तर. ठमीचा परवाचा रिपोर्ट भावजींनी फोनवर सांगितला. यकृत अजून सावरलेलं नाही, पण डोळ्यांचा पिवळेपणा गेला म्हणाले. तिचा निळा स्वेटर माझ्याकडेच राहिलाय, बाही शिवून पाठवते.

सांभाळणाऱ्या मावशींना तू काढून टाकलंस, हेही कळलं. "अडाणी बाईच्या हाती लेकरू दिलं," असं तू आईला फोनवर म्हणालीस. आई नुसती हूं हूं करत होती. मी समोर बटाटे सोलत होते.

त्या दिवशी मी तुझ्याकडे होते. तुम्ही दोघं कामाला गेलात आणि ठमीच्या तापाच्या थेंबांचा ड्रॉपर माझ्या हातून जमिनीवर पडला. खाली पडलेली वस्तू आपल्या घरात उकळल्याशिवाय तोंडाला लागत नाही. "हिला देव भेटला तर त्यालाही उकळून घेईल," असं तूच चिडवायचीस. मी दहा मिनिटं उकळला. प्लास्टिक वाकडं झालं, खुणा गेल्या. मग तुझ्या थोरल्या लेकीच्या तापाच्या सिरपचा चमचा घेतला. तिच्या बाटलीवर 'एक चमचा' लिहिलेलं, म्हणून ठमीला थेंबांचं औषध एक चमचा दिलं. रेघेला रेघ लावून. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. थेंब चौपट कडक असतात, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं.

मावशींनी विचारलं होतं, "तान्हीला एवढं देतात का गं?"

"मला वाचता येतं," मी म्हणाले.

ठमीच्या उलट्या थांबेनात, तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, औषध किती दिलं? मी म्हणाले, "ड्रॉपरने, खुणेपर्यंत." म्हणून रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी उतारा दिला नाही. दीड दिवस गेला. चमचा चुकून झाला, ताई. दीड दिवस चुकून झाला नाही.

मावशी तुला सांगत होत्या, धाकट्या ताईंनी चमच्याने दिलं म्हणून. तू म्हणालीस, "माझी बहीण चमचा तीनदा धुते, ती चुकेल?" मी शेजारच्या बाकावर होते.

आईला सगळं ठाऊक आहे. "बाई परकी, तिला दुसरं घर मिळेल. तुला दुसरी बहीण मिळणार नाही," म्हणाली आणि ड्रॉपर कचऱ्यात टाकला. मी तो काढून घेतला. धुतला नाही. सोबत पाठवतेय.

काल डॉक्टरांना खरं सांगून आले. मावशींच्या दाराशीही गेले होते. "ठमी दूध पिते का?" एवढंच त्यांनी विचारलं. "पिते," म्हणून मी दारातूनच परतले. त्यांना परत बोलाव. मला बोलावू नकोस.

चमचा तीनदा धुणारी,
तुझी धाकटी