माझा नंबर आला की थांबावे

मी, शकुन देवमन तायडे, वय सत्तर, धर्म ख्रिस्ती, मिशन वसतिगृहातील निवृत्त स्वयंपाकीण, राहणार परतवाडा, तालुका अचलपूर, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दाब टाकलेला नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मनाचे त्यांनी विचारले नाही.

१. पती देवमन आधीच वारले. एकुलता मुलगा कुलदीप परतवाडा ते सेमाडोह जीप चालवायचा. दोन वर्षांपूर्वी घाटात जीप उलटली आणि तो गेला. मला रडू आले नाही. अजूनही येत नाही.

२. राहते घर माझ्या पगारातून घेतलेले आहे. माझ्या पश्चात ते सून दामिनी हिचे. तिने दुसरे लग्न केले तरी तिचेच, आणि तिने ते करावे असे मी तिला सांगितले आहे. माझी अकोल्याची नणंद पार्बताबाई हे घर आपल्या गजेंद्रला मिळेल असे धरून बसली आहे. मागल्या खेपेला त्याने भिंतीला मोजायचा टेप लावून पाहिला. त्याला काही मिळणार नाही. कोर्टात कोणी कारण विचारू नये म्हणून ते खाली तिसऱ्या कलमात लिहिते.

३. दर बुधवारी आमच्या घरी प्रार्थनासभा भरते. सतरंजीवर गोल बसायचे आणि एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. एकाचे आमेन झाले, की शेजारच्याचा नंबर. कुलदीपला माती दिल्यानंतरच्या बुधवारी माझा नंबर आला आणि माझ्याजवळ शब्दच नव्हते. आयुष्यभर वसतिगृहातल्या पोरींच्या ताटांवर आशीर्वाद मागितलेली बाई मी, पण नुसते "हे प्रभू" तोंडातून निघेना. राग नव्हता, मागणेही नव्हते. मी त्याच्यापुढे फक्त बसून होते. चर्चचे पाळकसाहेब सांगत, माणसाला मागता येत नाही तेव्हा पवित्र आत्मा त्याच्यासाठी कण्हतो. मला कण्हणे ऐकू आले नाही. पंखा तेवढा ऐकू आला.

माती झाल्यापासून पार्बताबाई आमच्याकडेच मुक्कामाला होती. ती मधेच सुरू झाली, "प्रभू, माह्या वयनीचा इस्वास ढिला पडला, तिले माफी दे." मग बराच वेळ ती माझ्या पापांबद्दल बोलली. शेवटी सगळे आमेन म्हणाले. सवयीने मीही म्हणाले. हे मी तिला अजून माफ केलेले नाही. प्रयत्न चालू आहे.

पुढच्या बुधवारी दामिनी माझ्या शेजारी येऊन बसली. पुन्हा माझा नंबर आला, पुन्हा मी गप्प. सतरंजीचा काठ मुठीत धरून बसले होते. पार्बताबाईने घसा साफ केला, तशी दामिनी म्हणाली, "आत्याबाई, थांबा. आई प्रार्थना करून राह्यल्या."

"काहून? ते तं तोंडच उघडून नाही राह्यली."

"तरी बी थांबा."

सगळे थांबले. बाहेर जीपवाले सेमाडोहची सवारी ओरडत होते. माझी मूठ कधी सुटली मला कळले नाही, दामिनीला कळले. ती माझ्या वतीने आमेन म्हणाली आणि मग तिने स्वतःची प्रार्थना सुरू केली. नवरा तिचाही गेला होता. दुःख होते तेवढेच राहिले, पण त्या सतरंजीवर मी एकटी नव्हते.

४. पोस्टातली ठेव दामिनीला. स्वयंपाकाची मोठी गंजे आणि झारे वसतिगृहाला. सतरंजी चर्चच्या मंडळीला, मात्र ती लग्नाच्या पंगतीला देऊ नये. पाटा-वरवंटा पार्बताबाईला. तिने तो नेहमी मागितला आणि मी नेहमी नाही म्हटले. आता न्यावा, जड आहे.

५. माझ्या शवपेटीभोवती मंडळी प्रार्थनेला उभी राहील, तेव्हा पहिला नंबर माझा. मी काही बोलणार नाही हे उघड आहे. तरी थांबावे. कोणी खोकू नये, गाणे सुरू करू नये. दामिनी आमेन म्हणेल तेव्हा माझी प्रार्थना पुरी झाली असे समजावे. त्यानंतर पार्बताबाईने पाहिजे तेवढे बोलावे.

हे मृत्युपत्र वकील नागसेन वानखडे यांनी मला वाचून दाखवले. ते बरोबर आहे. याची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

ठिकाण: परतवाडा
बुधवार, दि. १२ फेब्रुवारी २०२५

सही: शकुन देवमन तायडे

आमच्या समक्ष शकुनबाईंनी सही केली. आणखी काही लिहायचे आहे का, असे आम्ही विचारले. त्या बोलल्या नाहीत. आम्ही थांबलो.

साक्षीदार:
१. अब्दुल रहीम शेख, शेजारी
२. पौर्णिमा इंगळे, निवृत्त वसतिगृह अधीक्षिका