त्यांनी आधी सुनेला हाक मारली

चामोर्शी,
नोव्हेंबर १९८६

प्रिय हरिदास,

तुझे बाबा घरी आले. पेज पितात, काठी टेकत अंगणात फिरतात, माझ्यावर खेकसतात. म्हणजे बरे आहेत असं समज.

तारेत तुला एवढंच कळवलं होतं, की राखणीला धानाच्या बांधीत झोपले असताना त्यांना मण्यार चावली आणि चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. तिथे पोहोचेस्तोवर पापण्या मिटल्या, त्या उघडेनात. मग श्वासही थांबत आला. घशात नळी घालून मशीनवर श्वास दिला. लघवीला नळी, हाताला सलाईन. आणि त्या खोलीतली नर्स कोण, तर तुझी बायको!

सासऱ्यापुढे डोईचा पदर ढळू न देणारी आपली गुलाब त्यांचं तोंड आतून पुसत होती. मी पदरानं त्यांच्या ओठांवरची लाळ टिपायला गेले, तर सगळ्यांदेखत तिनं माझं मनगट धरलं. "आई, आधी साबणानं हात धुवा." हरिदास, या माणसाचं दुखणंखुपणं मी जन्मभर काढलं. ते कोणत्या कुशीवर झोपतात ते मला ठाऊक. आणि काल आलेली पोर मला हात लावू देईना! बाहेर बाकावर मी जळत बसले. शेजारची बाई म्हणाली, "तुमची पोरगी लय जपून राह्यली त्याईले." मी म्हटलं, "सून हाये," आणि तोंड फिरवलं.

गुलाब बाहेर येऊन माझ्याजवळ बसली. "आई, विषावर औषध हाये. पण हातावरची घाण नळीतून आत गेली तं ताप भरते, छातीत पू होते. मांगं एक माणूस सापातून वाचला नि तापानं गेला." पटलं, तरी राग जाईना. चूक सापडावी म्हणून मी तिच्यावर नजर ठेवली. नळीला हात लावण्याआधी दर वेळी ती स्वतःही हात धुवायची. लघवीची पिशवी जमिनीला टेकू द्यायची नाही. सुईपाशी जरा लाली दिसली, तर तिनं सलाईन लगेच दुसऱ्या हाताला लावलं. रोज डॉक्टरांना विचारायची, "आज कोणती नळी काढता येईल?"

ताप आला नाही. घशातली नळी निघाली तेव्हा मी हात धुऊन उशाशी उभी होते. घोगऱ्या आवाजात त्यांनी पहिलं काय विचारावं? "गुलाब कुठी हाये?" मी म्हटलं, "मी हावो ना!" तर म्हणतात, "तू तं हायेसच. ती कुठी गेली?"

आता तुझं पत्र आलंय. गुलाबनं नोकरी सोडून तुझ्याकडे भिलाईला यावं, आणि ते मीच तिला सांगावं, असं लिहिलंस. खरं सांगू? वाचून बरं वाटलं. ती दूर गेली, की या घरात ऊठसूट तिचं नाव निघायचं थांबेल. सांगायलाच मी चंद्रपूरला गेले. काचेतून पाहिलं, एका बाळंतिणीच्या घशात तशीच नळी होती. गुलाब हात धुवत होती. साबणानं बोटांची सालं निघालीत तिच्या. दाराशी त्या बाळंतिणीची आई गुलाबकडे डोळे वटारून बघत होती. मी तशीच परतले. मी तिला नोकरी सोड म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस. इकडेच काही काम बघ. माझी जळजळ अजून गेलेली नाही, जाईल असंही वाटत नाही. पण यापुढचं पत्र आधी तिला लिही. मला मागून लिहिलंस तरी चालेल.

तुझीच,
आई