बर्फातली पिशवी

सोमवार, ३ मार्च

आज पुन्हा तेच. प्लेटलेटची पिशवी अर्धी गेली आणि सलोनीचे दात वाजायला लागले. ताप, हुडहुडी. प्लेटलेटचा काउंट मात्र जिथल्या तिथे.

एकुलती एक नणंद माझी. एव्हरशाईनला शाळेत शिकवते. गेले दोन महिने तिच्या हाडांतली मज्जा रक्त बनवायचंच विसरलीय. भाऊ जुळला तर त्याची मज्जा घालायची, तोवर तिला प्लेटलेटवर तगवायची. आणि पिशव्या जातात आमच्या रक्तपेढीतून, माझ्या सहीने. म्हणजे ताप माझ्याच पिशवीतून गेला. झोंबलंय मला हे.

तिचे डॉक्टर म्हणतात, "अहो, आम्ही चढवताना फिल्टर लावतो की." लावा! पण तोवर प्लेटलेटसोबत आलेल्या पांढऱ्या पेशी चार-पाच दिवस त्या पिशवीत बसून साखर खातात, आंबट करतात, ताप आणणारी घाण सोडतात. मग शेवटी पेशी गाळून काय उपयोग? ताक आंबल्यावर गाळलं म्हणून गोड होतं का? गाळायचं ते पहिल्याच दिवशी, साठवायच्या आधी.

करूनच दाखवते.

मंगळवार, ४ मार्च

सहा दात्यांच्या प्लेटलेट एकत्र केल्या, दोन सारखे भाग केले. एक लगेच गाळला, एक तसाच. दोन्ही बावीस अंशाला, हलत्या फळीवर. आमचा टेक्निशियन एल्रॉय शंका काढण्यात पटाईत. म्हणाला, "मॅडम, फिल्टर थोड्या प्लेटलेटपण खातो."

खाऊ दे. उरतील त्या धड असतील.

बुधवार, ५ मार्च

प्रीतम केळ्यांचा टेम्पो घेऊन थेट रक्तपेढीच्या दारात! नवराच माझा, सांगून येईल तर शपथ. मागे चौदा माणसं, सगळे चुलत, मावस, आत्ये. पुढे ड्रायव्हरशेजारी सासरे, इस्त्रीचा सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखे. गिरीजला आमच्या घरची रीतच ती. दुखणं घरचं, तर रक्तही घरचंच. परक्याचं घेतलं तर लोक म्हणणार, घरातली माणसं मेली काय?

रक्त सगळ्यांचं घेतलं. "पण हे दुसऱ्यांना जाईल, सलोनीला नाही," असं आधीच सांगितलं. कुरकुरले, पण खाटेवर आडवे झाले. प्रीतमला मात्र तसाच परत पाठवला. त्याचा नमुना मुंबईला गेलाय. जुळला तर मज्जा त्याचीच. त्याआधी त्याचं किंवा घरातल्या कुणाचंही रक्त तिच्या अंगात गेलं, तर अंग ते ओळखून ठेवेल आणि उद्या मज्जा आली की हाकलून लावेल. गाळलं तरी तो धोका पुरता जात नाही. सगळं नीट समजावलं.

"म्हणजे माझ्या बहिणीला माझंच रक्त चालत नाही. आणि हे ठरवणार कोण? तू."

"हो. मी."

रात्री सासूबाईंनी भाकरी वाढली ती जरा आपटून.

गुरुवार, ६ मार्च

प्रीतम बोलत नाही. मीही नाही. बरोबर मीच आहे.

रविवार, ९ मार्च

सुट्टी असून गेले. दोन्ही पिशव्या ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच कलत्या केल्या. प्लेटलेट धड असल्या की चपट्या असतात, उजेडात धुरासारखी लहर फिरते. गाळलेल्या पिशवीत फिरली. न गाळलेलीत काही नाही, मठ्ठ पिवळं पाणी. आंबटपणा मोजला, तिथेही तीच नापास.

एल्रॉय म्हणाला, "एका जोडीवरून काय सिद्ध होतं?" बरोबर बोलला, मेला. उद्यापासून आणखी जोड्या लावते. पण सलोनीला यापुढे पहिल्या दिवशी गाळलेलीच जाणार. त्यासाठी मी कुणाची वाट बघत नाही.

मंगळवार, ११ मार्च

गाळलेली पिशवी पूर्ण गेली. ताप नाही! काउंट चढला. सलोनी म्हणाली, "वहिनी, आज थंडी नाही वाजली, चुकल्याचुकल्यासारखं झालं." वात्रट कुठली. जिन्यात जाऊन रडून घेतलं.

घरी सांगितलं. सासरे हसले. प्रीतम उठून वाडीत पाणी सोडायला गेला.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. घरी होते. दुपारी सलोनीच्या वॉर्डातून सेलिन सिस्टरचा फोन. "मॅडम, तुमचे मिस्टर पिशवी घेऊन आलेत. मी चढवायलाच घेत होते, पण हाताला बर्फासारखी लागली."

धावत गेले. साहेब दुसऱ्या रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन आले होते, आणि आज त्यातल्याच प्लेटलेट बहिणीसाठी घेऊन हजर. कशातून? राजोडीहून पापलेट आणतो त्या थर्माकोलच्या खोक्यातून. खाली बर्फ, वर बर्फ.

"ऊन किती आहे. नासू नये म्हणून घातला."

"पापलेट आहे का ते?" सगळा वॉर्ड ऐकत होता. ऐकू दे. प्लेटलेट गारठल्या की गोल होऊन बसतात, कामातून जातात. खिडकीच्या उजेडात धरली. लहर नाहीच. त्याच्यासमोर फेकायच्या पिवळ्या डब्यात टाकली.

तो डब्याकडे बघत राहिला. "ती माझ्या डोळ्यांदेखत झिजतेय, रचना. मी नुसता टेम्पो चालवू का?"

फार वाईट वाटलं. जवळ घ्यावंसं वाटलं, पण राग आडवा आला.

सोमवार, २४ मार्च

मुंबईहून फोन आला. प्रीतम जुळला. पूर्ण!

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, मग माझ्या हातावर. प्रीतम मागच्या ओट्यावर एकटाच बसला होता. शेजारी जाऊन बसले. म्हणाला, "त्या दिवशी मी बर्फ घातला नसता तर?"

"सेलिननं लावली असती. मग आज जुळून काय उपयोग?"